तिसरा अक्ष

तोर्शहाव्नच्या संग्रहालयाच्या तळघरात
काड्यापेट्यांमधून उंदीर राहतात.
म्हणजे त्यांचे खालचे जबडे:
नखाएवढे, पिवळट,
पेटीवर जांभळ्या शाईत बेटाचं नाव नि साल.
नोल्सोयचे एक्केचाळीस. फुग्लोयचे छत्तीस.
हेस्तुरचे नऊच,
तिथं मांजरांनी आधी हात मारला, असं आर्मगार म्हणते.

जबड्याचा फोटो पडद्यावर घेऊन
ती त्याच्यावर सतरा खुणा करते.
पहिली पुढच्या दाताच्या मुळाशी,
मग दाढांच्या कडेकडेने,
मग मागची तीन टोकं
आणि टोकांमधल्या खाचा, जिथं हाड एकदम कागद होतं.
टिक. टिक.
हातातल्या माऊसला याचं काही वाटत नाही.

माझं काम त्यानंतरचं. निर्दयच म्हणायचं.
सगळे जबडे एका मध्यावर आणून ठेवते:
गेलं त्यांचं ठिकाण.
सगळे एका मापाचे करते:
नोल्सोयच्या उंदराला थोराडपणाची केवढी ऐट,
ती गेली.
मग एकमेकांवर बसेस्तोवर फिरवते:
कुणाचं तोंड कुठे होतं, तेही गेलं.
एवढं सगळं काढून घेतल्यावर अंगावर जे राहतं
त्याला आम्ही आकार म्हणतो.
मधोमध सरासरी उंदीर.
त्यानं टांगून वाळवलेलं मटण कधी कुरतडलं नाही,
कुठल्या मांजराला तो सापडायचाही नाही.

पहिल्या अक्षावर बेटं वेगळी झाली. ठीक.
दुसऱ्यावर म्हातारे एकीकडे, पोरसवदा दुसरीकडे.
तिसऱ्यावर
ना बेट, ना वय, ना नर, ना मादी.
अठ्ठावीस जबडे कळप सोडून बाजूला उभे
आणि प्रत्येकाची अकरावी खूण
केसभर खाली.
जाळी काढून पाहिली:
एकाच कोपऱ्यात चौकोन दबलेले,
उशीवर डोकं टेकून कुणी उठून गेल्यासारखे.

तारखा काढल्या.
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नोव्हेंबरच्या एका आठवड्यातले.
म्हणजे हा अक्ष उंदरांचा नव्हताच.
आर्मगारचा होता.

त्या आठवड्यात मी कोपनहेगनला होते.
वादळाचं तिथल्या पेपरात वाचलं होतं,
हानुसची बोट उत्तरेला, तीन दिवस निरोप नाही.
आणि ही रोज आठला हजर, नोंदवहीत सही,
रोज सहा-सात जबडे.
मी मनातल्या मनात सगळं जुळवलं:
तिचा हात, समोरची उभी खिडकी, खिडकीतलं बंदर.
थोडं सरकवलं, थोडं फिरवलं,
किती सुबक बसलं एकावर एक.
(तळघराला खिडकी नाही,
हे मला तेव्हा आठवलंच नाही.)

चहाच्या वेळी विचारलं. जपून, आडवळणानं.
तिनं कागद लांब धरून तारखा पाहिल्या.
"खुर्ची," म्हणाली.
"माझी मोडली होती, तुझी घेतली. तुझी बुटकी.
पडदा चष्म्याच्या वरच्या अर्ध्यातून बघावा लागायचा,
ती खाच तिथून धुरकट."

"आणि हानुस?"
"हानुसचं काय? आला की बुधवारी.
रिकाम्या हातानं."
बिस्कीट चहात बुडवून तिनं ते वेळेवर बाहेर काढलं.

अठ्ठावीस जबडे तिनं पुन्हा केले, आपल्या खुर्चीत बसून.
तिसरा अक्ष विरला,
बाकीच्या बारीकसारीक धुळीत कुठंतरी गेला.
अहवालात एक ओळ: मोजणीतली चूक, शंभरात चार.
ती कुणाची, हे लिहायला रकाना नसतो.
असता तर दोन नावं लिहावी लागली असती,
नि एक माझं.

संध्याकाळी पेट्या कपाटात गेल्या,
आधी फुग्लोय, मग हेस्तुरचे ते नऊ.
ती गेल्यावर मी ओणवी झाले,
माझ्या खुर्चीचा गंजका स्क्रू फिरवून
बैठक दोन बोटं वर घेतली.

आता माझे पाय
जमिनीला जेमतेम टेकतात.