एक फुटलं

तालुक्याहून आलेल्या खोक्यात
टेम्परा रंगाच्या सहा बाटल्या निघाल्या.
मुदत परवाच्या साली संपलेली.
हिरव्याचा दगड झालेला.
पिवळ्यात पाणी एकीकडे, रंग एकीकडे,
भांडण झालेल्या जावांसारखे.
रितिक टेकामनं बाटली कानाशी हलवून सांगितलं,
"मॅडम, याच्यात खडा हाय जी."

पहिली-दुसरी मिळून पटावर अठ्ठावीस.
समोर सत्तावीस.
यामिनी कुमरे संक्रांतीपासून
आईबापासंगं तेलंगणात, मिरची तोडायला.

बुधवार होता, अंड्यांचा वार.
सायत्राबाईनं ट्रे मोजला, एक जास्त.
"वापस पाठवू का?"
म्हटलं, द्या इकडे. उकडू नका.

डी.एड.ला एका सरांनी
तास संपता संपता सांगितलं होतं,
बाटल्या नव्हत्या तेव्हा लोक बलकात रंग कालवायचे.
परीक्षेला नव्हतं, म्हणून मी लिहून घेतलं नव्हतं.

अंडं फोडलं, पांढरं वाटीत गळू दिलं.
बलक माझ्या तळव्यावरून संध्याच्या तळव्यावर,
तिथून पुढच्या, तिथून पुढच्या.
खडूच्या तुकड्यावरून डोकी फोडणारी पोरं
श्वास धरून उभी.
लोकेश रहांगडालेनं तर डोळेच मिटले,
हात मात्र पुढे.
माझ्यापर्यंत परत आला तेव्हा
तो थोडा कोमट होता.
सुईनं टोचला.
साल चिमटीत राहिली, पिवळं वाटीत उतरलं.
वर हापशीचं पाणी, चमचाभर.

गेरू संध्याच्या घरचा.
हळद पोषण आहाराच्या डब्यातली.
खिचडीच्या गंजाच्या बुडाची काजळी,
धुण्याची नीळ, भिंतीचा चुना,
आणि तो हिरवा दगड, पाट्यावर कुटलेला.
कडुलिंबाच्या काड्या चावून चावून ब्रश केले.
सगळी तोंडं कडू, एकही तक्रार नाही.

खिडकीखालची भिंत त्यांच्या उंचीची.
फळ्यावर मी नेहमी काढते ते निसर्गचित्र,
दोन डोंगर, मधे सूर्य, एक झोपडी,
आज मधल्या सुट्टीतच पुसून ठेवलं होतं.

एकानं बोडी काढली,
पाण्यावर फक्त म्हशीची शिंगं.
संध्यानं मोहाची फुलं आधी वेचून घेतली,
मग झाडाला जागाच उरली नाही,
ते बिचारं कोपऱ्यात, वीतभर.
रितिकनं कोंबडी काढली.
कोंबडीत अंडं, अंड्यात कोंबडी,
"बस आता" म्हणेपर्यंत चौथी आली होती.

आठवड्यानं केंद्रप्रमुख आले.
भिंतीवर नख ओढून पाहिलं.
"पुसलं जाईल ना हे?"
नाही, सर.
"अंड्यांचा हिशोब?"
वही पुढे केली.
हजर सत्तावीस. वाटली सत्तावीस. एक फुटलं.
खोटं काहीच नव्हतं.

चैत अर्धा सरला तेव्हा यामिनी दारात उभी.
फ्रॉक आखूड झालेला.
आत यायच्या आधी तिनं भिंतीला नाक लावलं.
"वास येते जी."
पोरं एकदम ओरडली, "तुहा अंडा हाय तो!"
"माहा? कुठी?"
कुणी शिंगांकडे बोट केलं, कुणी फुलांकडे,
रितिकनं चारही कोंबड्या मोजून दाखवल्या.
ती बघत राहिली,
जसं कुणी आपल्या नावाचं पत्र
दुसऱ्यानं फोडलेलं बघतं.

मी गेरूची वाटी पुढे केली.
तिनं हात मागे घेतले, पाठीशी.
"लाल नको जी. हात आग करते."

मग तिनं हिरव्याची वाटी उचलली.
काडी बुडवली. खर्रकन वाजलं.
तळाशी वाळून पुन्हा दगड.

"याला अंडा लागंल," ती म्हणाली.
म्हटलं, आज सोमवार. अंडी बुधवारी.

तिनं काडी वाटीत आडवी ठेवली, जपून,
कुणी हलवू नये अशी.
"बुधवारी मी हाय जी."