झारा

बामणोदच्या मळ्यात, भरीत पार्टीला,
यंदा मला पुऱ्या तळायला बसवलंय.
फिनलंडहून आलोय ना,
म्हणजे गारठलेला माणूस, जाळाजवळ बसवा त्याला.

तशी थंडी मला पगारी होती.
सावद्याच्या केळी पिकवायच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं,
काट्यावर डोळा ठेवून.
तेराच्या खाली गेलं की केळीची साल काळवंडते.
माणसाची कितीला काळवंडते
हे मोजायचं राहूनच गेलं होतं.

ते मोजायला हेमांगीने बोलावलं.
उणे एकतीस.
अंगात भाड्याचं एकसंध झबलं,
लघवीला जायचं तर आधी ठराव मांडावा लागतो.
सहा कुत्री जुंपली घसरगाडीला.
निघेपर्यंत असा गलका,
जसा काही रावेरला केळीचा भाव पाडलाय कुणी.
आणि सुटली गाडी, तशी एकदम चिडीचूप.
खाली फक्त बर्फाचा आवाज,
आणि तो तर माझ्या ओळखीचा निघाला:
आठ वर्षांचा असताना
गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांवरून चाललो होतो, तो.
पाठ हुळहुळली.
आई जाऊन चौदा वर्षं झालीत.

चौथ्या दिवशी तळ्यावर नेलं.
तळं कसलं, पांढरं शेत,
एकही बांध नसलेलं, म्हणून भाऊबंदकीही नसलेलं.
वाट दाखवणारीचं नाव आयला.
मी हसलो. हेमांगीने कोपर मारलं.
ही आमच्याकडे अर्धी शिवी असते हे कसं सांगणार,
म्हणून म्हटलं, छान नाव आहे,
आम्ही रोज घेतो.

तिने कमरेएवढं गिरमिट उभं केलं, फिरवलं,
दोन फुटांवर पाणी.
दोन फुटांवर!
मी बर्फातच बसकण मारली.
धाकट्याच्या मळ्यात आठशे साठ फूट बोअर नेला होता आम्ही.
धुरळा, नुसता धुरळा,
गावातली पोरं पांढरी झालेली बघून,
आणि पहाटेपर्यंत कुणीच म्हणेना, बंद करा.
इथे पाणी आपणहून वर येऊन विचारतंय,
बोला, काय काम होतं.

मग तिने माझ्या हातात झारा दिला.
खरंच झारा. पुऱ्यांचाच, दांडा तेवढा लांब.
भोकावर बघता बघता साय धरते बर्फाची,
ती काढत राहायची, नाहीतर तळं मिटतं.
एवढंच.
दोन तास.
गळ हलला नाही. ती बोलली नाही, मीही नाही.
खिशातलं केळं, कुठल्या देशाचं कोण जाणे,
दगड झालं होतं, बादलीवर आपटलं तर ठक् वाजलं.
साय आली, काढली.
साय आली, काढली.
निवृत्त झाल्यापासून
मला कुणी काही राखायला दिलं नव्हतं.

"काका, तो आभाळातला हिर्वा उजेड पाह्यला का?"
नाही रे भो. पाचही रात्री ढग.
"मासा?"
नाही.
"मंग तठी जाऊन केलं काय एवढ्या पैशात?"

पलीकडे बडगीत वांगी कुटताहेत,
मिरचीचा ठसका थेट विहिरीपर्यंत गेलाय.
पऱ्हाट्यांचा जाळ बसत आला,
पोरं कांद्याची पात चावत पांगली,
पाठीमागून केळीच्या बागेतला गारवा
मानेवर हात ठेवतोय.

शेवटची पुरी निघून बराच वेळ झाला.
भाचा म्हणतो, मामा, कढई रिकामी आहे.
बघतो तर हात अजून फिरतोय,
तेलावरून, झाऱ्यासकट.

हो, म्हणतो मी.
मिटू नये म्हणून.