डावीकडचं पाणी

रायबंदर ते चोडण, रात्रीची शेवटची फेरी.
मी खाली इंजिनापाशी असतो, पाणी दिसत नाही.
पंखा फिरतोय की अडलाय
हे तळपायांना कळतं.

बांबोळीच्या अंधाऱ्या खोलीत
डॉक्टर ओलिंडा बराच वेळ बोलल्या नाहीत.
पडद्यावर राखाडी काहीतरी लुकलुकत होतं.
मी सवयीने ठोके मोजले.
ठोके ठीक होते.

मग त्या म्हणाल्या, हृदय उजवीकडे आहे.
आणि नुसतं उजवीकडे नाही,
मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी,
मधली भिंत अर्धीच,
प्लीहा सापडत नाही.

चूक कोणाची, मी विचारलं.
त्यांनी रिपोर्टची पाठकोरी बाजू घेतली
आणि पेनाने एक खळगा काढला.

तिसरा आठवडा.
बाळ तांदळाच्या कणीएवढं, तेही चपटं,
दोन्ही कुशी सारख्या,
डावी कोणती ते ठरायचं होतं.
मधोमध हा खळगा, खळग्यात दोनेकशे केस,
पक्ष्मिका म्हणतात, म्हणजे इवल्या पापण्या,
सगळ्या एकाच बाजूने गरगर फिरणाऱ्या,
जराशा मागे कललेल्या,
म्हणून डावीकडचा फेरा मोकळ्या पाण्यात
आणि परतीचा तळाला घासत.
तेवढ्याने पाणी डावीकडे सरकतं.
तेवढ्याने.
मग हृदयाच्या सरळ नळीला कळतं कुठे वळायचं.

हे मला लगेच पटलं.
पात्यांना कल नसेल तर
पंखा पाणी नुसता घुसळतो,
बोट धक्का सोडत नाही.

आणि केस फिरलेच नाहीत तर?
तर नाणेफेक, त्या म्हणाल्या.
कधी सगळं सरळ, कधी सगळं उलट,
क्वचित नाणं कडेवर उभं राहतं.

आमचं कडेवर.

पेनाला टोपण लावता लावता त्यांनी विचारलं,
थोरलीला सर्दी असते का हो सारखी?

साची सहा वर्षांची.
जन्मली त्या रात्रीपासून नाक वाहतं.
आम्ही खाजनातल्या दमट हवेला बोल लावला,
ओव्याची पुरचुंडी, वाफ, पिवळं सिरप.
शाळेत पोरं तिला फुटका मानस म्हणतात,
म्हणजे बांधाचं ते दार,
भरतीला जे मिटायला हवं आणि मिटत नाही.
नाकातही तेच केस असतात.
तेही उभेच्या उभे.
तिचं हृदय डावीकडे आहे
कारण नाणं तसं पडलं.

प्रज्योती रडली ती तेव्हा.
धाकट्याचं ऐकताना कोरडी बसली होती.

आईने घरी ग्रहणाचा विषय काढला.
मी काही बोललो नाही, पण लॉगबुक काढून
मागचे आठवडे मोजत गेलो.
सापडलं. मंगळवार, संध्याकाळी सहा पन्नास,
पंख्यात जाळं अडकलं,
बोट वीस मिनिटं ओहोटीबरोबर वाहत गेली.
वर लोक मोबाईल बघत उभे होते,
एका बाईच्या टोपलीतले बांगडे वास मारू लागले,
आणि मी कमरेएवढ्या पाण्यात, हातात कोयती,
एकेक दोरा कापत.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
संबंध नाही म्हणाल्या असत्या.
संबंध नाहीच.

ऑपरेशनं बेळगावला. एक नाही, तीन.
पहिलं बाळ आठवड्याचं व्हायच्या आत.
सोसायटीच्या कर्जाचा फॉर्म टीव्हीवर पडलाय,
जामीनदार दोन लागतात.

साची आईच्या पोटाला कान लावते,
बाहीला नाक पुसते,
विचारते, ह्याचा डावा हात कुठला?

हात जागच्या जागीच असतात, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
बाहेरून काही कळायचं नाही.

मी बोट ठेवायला जातो आणि थांबतो.
आतून लाथ बसते.
हा, साची म्हणते, हाच.