शेऱ्याचा रकाना

दहा झाडं. प्रत्येकाच्या चार दिशा.
दिशेगणिक एक फांदी, फांदीची कोवळी पानं
उलटी करून भिंगाखाली धरायची.
काळी माशी: पानामागं तीन. कोळशी: सुरुवात.
सायला: नाही.
साल खाणारी अळी: बुंध्याला एक भोक,
तोंडाशी भुशाची जाळी.
सायकलची तार आत घालून मी तिला ओढून काढते,
मग लिहिते, एक.

वरुडपासून शेंदुरजनाघाटापर्यंत
मला सगळे अळीवाली म्हणतात.
लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी खिशातून संत्र्याचं पान काढतं,
पत्रावळीशेजारी ठेवतं:
ताई, हे जरा पाहून घ्या.

वच्छलाबाई कुबड्यांचा आंबिया रंगावर येतोय.
देठाशी हिरवा, खाली पिवळा,
आणि रोज सकाळी झाडाखाली सडा.
फळ हातात घ्यावं तर धड. वासही चांगला.
दाबलं की टाचणीएवढ्या छिद्रातून रस येतो.
"पाणी जास्त झालं का वं?" बाई विचारतात.
थोड्या वेळानं, "का कमी?"
मी म्हणते, रात्री पाहू.

आठ वाजता आम्ही दोघी बॅटरी घेऊन शिरलो.
सातव्या झाडावर दोन ठिणग्या,
हलेनात.
डोळे होते ते.
वाळल्या पानासारखा पतंग, सोंड फळात रुतवून
इतका निवांत, की बाईंनी त्याला चिमटीत धरला.
तेव्हा पंख उघडले.
आतले पंख थेट संत्र्याच्या रंगाचे,
वर काजळाचं बोट फिरवलेलं.
बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "आमच्याच घरचं नेसून आला भाऊ,"
आणि चपलेखाली घेतला.

मी उपाय सांगत गेले.
पडलेली फळं वेचा, खड्ड्यात पुरा.
दिवेलागणीला ओल्या पाल्याचा धूर करा.
गुळाच्या पाण्यात औषध कालवून वाट्या टांगा.
एक उपाय मी शेवटी ठेवला होता,
तो सकाळी धुऱ्यावर उभं राहून सांगितला:
याची अळी संत्र्यावर जगत नाही, बाई.
ती गुळवेल खाते.

निंबावर गुळवेल होती. अंगठ्याएवढी जाड.
सालबर्डीहून कांडी आणून बाईंनीच लावलेली.
चिकनगुनियाच्या साली अर्धं गाव
काढ्यासाठी तिच्या कांड्या नेत होतं,
सरपंचसुद्धा काठी टेकत आला होता.
मी एक पान उलटलं.
अळी मान दुमडून, शेपूट उचलून बसलेली,
कुशीवर दोन खोटे डोळे,
जशी तीच आमची मोजणी करत होती.

"म्हणजे दूध मीच पाजलं थिले."

या वाक्याला फॉर्मात रकाना नाही.
मी फोन वर धरून विहिरीच्या काठड्यावर चढले,
नेटवर्क तिथंच लागतं.
खाली उतरले तेव्हा बाई विळा घेऊन निंबाखाली होत्या.
बुडाशी दोन घाव. चीक हाताला लागला,
तो त्यांनी पदराला न पुसता
जिभेवर ठेवला. कडू. तोंड वाकडं केलं.
"अजून तश्शीच हाय."

पुढच्या बुधवारी गळ निम्म्यावर.
व्यापारी येऊन बाग फिरून गेला,
भाव काही बोलला नाही, चहा मात्र दोनदा प्याला.
मी माझी दहा झाडं केली. चार दिशा. भिंग.
परत जाताना धुऱ्यावर थांबले.

तोडलेली वेल वर फांदीत तशीच अडकलेली,
पानं हिरवी. आणि तिच्यातून
सुतासारखं एक मूळ खाली सुटलेलं,
सरळ, ओळंब्यासारखं,
मातीपासून वीतभर वर.

बाई ओंजळीत पडकी फळं घेऊन आल्या.
त्यांनी ते पाहिलं. मी पाहिलं.
"लिहिलं का सारं?" त्या म्हणाल्या.
शेऱ्याचा रकाना मोकळाच होता.
हाव, मी म्हटलं,
लिहिलं.