अकरा ग्रॅम

ॲबर्डीनला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
हीटर सुरू झाला की कातडी
विसरलेल्या पापडासारखी वाळत जाते,
कडेने वर उचलते.
इसबावर नव्या मलमांची चाचणी होती,
म्हणून सही केली.

दोन नळ्या. एकीवर निळी पट्टी, एकीवर पिवळी.
एकीत ओट, एकीत सूर्यफुलाचं तेल.
कशात काय, ते नर्स मोरागलाही ठाऊक नाही.
निळी डाव्या कोपराला, पिवळी उजव्या.
सहा आठवडे. अदलाबदल नाही.

डाव्याला लावतो तो उजवा हात,
उजव्याला लावतो तो डावा.
रात्री खाजवणारेही हेच दोघे.
खाजवून खरूज काढू नये म्हणतात;
मला काढावी लागली नाही,
ती आधीच होती.

रोज एक आकडा लिहायचा, शून्य ते दहा.
मी म्हटलं, चुणचुण वेगळी, चुरचुर वेगळी,
हुळहुळतं ते वेगळंच,
आणि पहाटे चारला जो कंड सुटतो
त्याला तर नावच नाही.
आकडा यातल्या कुणाचा?
मोराग म्हणाली, सगळ्यांचा मिळून.
मी सात लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात डावं निवलं.
आतल्या घडीत नवी कातडी आली,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी ओलसर, लाजरी.
उजवं तसंच.
सकाळी चादरीवर भुकटी,
बाहीला तांबडे ठिपके.
एकाच आईची दोन,
एकाला साय, एकाला ताक.

मी हिशेबाची बाई.
बंदरावरच्या कचेरीत खलाशांचे पगार
पेनीपर्यंत जुळवते.
तरी पाचव्या आठवड्यात एका रात्री
निळ्या नळीचं टोपण काढलं
आणि उजव्याला लावलं.
घरात दुसरं कुणी नव्हतं,
तरी दिवा मालवून.

शेवटच्या दिवशी मोरागने नळ्या काट्यावर ठेवल्या.
निळी अकरा ग्रॅम जास्त संपलेली.
ती पेनाचं टोक चावत आकड्याकडे बघत राहिली.
"किती रात्री, मिसेस नाडगौडा?"
"नऊ."
तिने नऊ लिहिलं,
मग उजव्या कोपराच्या रकान्यावर
वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली.
रागावली नाही. चहा विचारला.

बसथांब्यावर समुद्राचा वारा
गळपट्ट्यात शिरत होता.
उजवं कोपर,
ज्याची आता कुठेच नोंद नाही,
कोटाच्या आत गाढ झोपलं होतं.