मिठाचा हिशेब

रात्रीचा दीड. बडोद्याच्या उन्हाळ्यात
एसी फक्त मशीनला, मला त्याची उरलेली झुळूक.
पडद्यावर एक खोकं आहे, भिंती नसलेलं:
मणी उजवीकडून निसटला
की डावीकडून परत येतो, काही झालंच नाही असा.

दोन माळा त्यात. धन ती लाल, ऋण ती निळी.
दोघींच्या अंगाला बिलगून बारके आयन,
पदराला पोरं लोंबावीत तसे.

सव्वीस लाख पावलं चालल्यावर
माळा एकमेकींत गुंतल्या,
थेंब झाला, साबुदाण्याच्या पेजेसारखा दाट.
जशुभाई वॉचमन डोकावले,
"लाल ने भूरी तो चोंटे ज ने, बेन. एमां शुं जोवानुं?"

मीही तेच लिहिणार होते.
पण हिशेब मांडला तर
ओढीच्या रकान्यात जवळजवळ शून्य.
सगळी जमा भलत्याच खात्यावर:
माळा भेटल्या तेव्हा ते बारके सुटले,
पाण्यात लांब, वाटेल तिथे.
थेंब झाला तो त्यांच्या सुटण्यानं.

कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर
आई आणि कुमुदआत्या एकत्र राहतात, बाबा गेल्यापासून.
एकीला पंखा पाचावर, दुसरीला बंद.
चाळीस वर्षं एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.
आम्ही नातेवाइकांना सांगितलं,
बघा, शेवटी माया.

मुकुल त्याच महिन्यात शारजाला गेला.
आत्याचा निरंजन कोइमतूरला.
आणि मी, रिक्षानं वीस मिनिटांवर असून,
इथे.

आता मीठ वाढवून बघतेय. चिमूट, मग मूठ.
थेंबाच्या कडा सैल होतात,
माळा सुटतात, बारके परत येऊन बिलगतात.

दिवाळीत आम्ही सगळे घरी असतो
तेव्हा त्या दोघी भांडतात.
कढईवरून, पाहुण्यांच्या उशांवरून,
एकदा तर नुसत्या चिवड्यातल्या मिठावरून.
भाऊबीज उलटते, बॅगा जिना उतरतात,
आणि त्याच संध्याकाळी गॅलरीत
एका बशीत सेव-उसळ, दोन चमचे.

हे मी प्रबंधात कुठे लिहू.

रन संपायला अजून चार तास.
फोन उचलते, ठेवते.
आत्ता दोघींपैकी एकच जागी असेल,
दुसरीला झोप लागली का बघून
हळूच पंखा बंद करायला उठलेली.