यंदा लोकोचं काही खरं नाही

खय्यूमच्या पंक्चर दुकानापुढं एक बाकडं आहे,
रेल्वेच्या जुन्या डब्यातून निघालेलं.
जागा तिघांची, बसतो आम्ही पाचजण,
आणि पोळा झाला की
पूर्णेत दुसरा विषय नसतो.

"यंदा लोकोचं काही खरं नाही,"
खय्यूम म्हणतो, ट्यूब घमेल्यात दाबून,
बुडबुडा कुठून येतो ते बघत.
"गोलकीपर गेला काचीगुड्याला बदलीवर,
लेफ्ट आउट झाला उदगीरचा घरजावई.
आता काय हनवते मामांना उभं करता पोस्टात?"

हनवते मामा बिडी काही विझवत नाहीत.
गुडघा गेलाय, दात गेलेत,
लोको शेड तर कधीच गेली,
तिथं आता बाभळी आहेत नि शेळ्या.
तरी मामा म्हणतात, "आमी कोळशाच्या इंजनाची पोरं.
तापायला टाइम लागतो.
एकदा तापलो की सिग्नल बी बघत नसतो."
"म्हणूनशानच मागल्या खेपेला
तीन गोल ऑफसाइड गेले."

लक्ष्मय्या गार्ड रिटायर झाला
पण लाल पुठ्ठ्याची वही सुटली नाही.
थुंकी लावून पानं उलटतो:
लोको चौदा, बाजार बारा,
एक सामना रद्द, मैदानात वळू शिरल्यामुळं.
त्या वळूचं भांडण अजून मिटलेलं नाही.
मामा म्हणतात तो बाजारवाल्यांनी सोडला.
खय्यूम म्हणतो, वळू तुमचाच होता,
गोल खायच्या भीतीनं पळत सुटलेला.

मी बोलत नाही फारसा.
माझं काम मैदानावर फक्की मारायचं.
दोन पोती, एक सुतळीचा गुंडा,
आणि इंजनं जिथं पाणी प्यायची तो वाकडा नळ,
तिथून पहिला कॉर्नर धरायचा.
संघांच्या याद्याही माझ्याकडंच येतात.
त्या दिवशी खिशात होती लोकोची.

पॅसेंजर गेली, फाटक उघडलं,
तेवढ्या शांततेत मी म्हणालो,
"नऊच नावं आहेत."

पंप थांबला.
"नऊ?"
"त्यात एकाचा पाय प्लास्टरात."
मामांनी बिडी विझवली.

खय्यूमनं हात पुसले,
आधी फडक्याला, मग पॅन्टीला, मग पुन्हा फडक्याला.
वाटलं, आता हसंल.
तर म्हणाला, "मग आम्ही हरवायचं कुणाला?
हिंगोलीवाल्यांना? त्यांना तर कुणी बी हरवतं."
आणि जरा वेळानं, दुसरीकडं बघून,
"आमचा अझीम घेऊन जा.
डाव्या पायाचा आहे. घरी नुस्ता मोबाईल घासतो."

"बाजारचं पोरगं लोकोत?
माझा बाप वर काय म्हणंल?"
"तुमचा बाप वर बी ऑफसाइडच असंल."

मग जे सुरू झालं ते रात्रीच्या नांदेड गाडीपर्यंत चाललं.
अझीमनं गोल मारला
तर खय्यूमनं टाळी वाजवायची की नाही,
पोराला मटण कुणी खाऊ घालायचं,
आणि लक्ष्मय्यानं वहीत लिहायचं काय.
लक्ष्मय्या म्हणाला, पेन्सिलीनं लिहितो.
हे कुणालाच पटलं नाही.

ज्याची ट्यूब होती तो पोरगा
इतका वेळ भिंतीला टेकून उभा.
मामांचं लक्ष गेलं त्याच्या पिंढऱ्यांकडं.
"कुठला रं तू?"
"एरंडेश्वरचा."
"फुटबॉल?"
"खो-खो."

मामांनी मान वळवून मला खूण केली.
मी यादी काढली, पेन झटकलं.
खय्यूम घमेल्यातलं पाणी रस्त्यावर फेकत ओरडला,
"पंक्चरचे पैसे मात्र आधी घेणार,
मग त्याला तुमचं इंजन करा
नाहीतर डबा!"